पैशाचा पत्ता आणि पैशाचा धनी

पैसा पाठविणें आणि पैसा पोंचणें ह्या दोन गोष्टी एकच आहेत अशी समजूत अलीकडे घरोघर झालेली दिसते. मुलगा कचेरींतल्या खुर्चीवरून हातांतल्या फोनची कांच दोनदां दाबतो आणि घरीं कळवितो, "पाठविले." घरांतील वडील माणूस विचारतो, "पण पोंचले का?" मुलाला हा प्रश्न जुनाट वाटतो. आमच्या मतें तो जुनाट नाहीं. पैशाच्या व्यवहारांत विचारण्यासारखा मुख्य प्रश्न तोच आहे. आपल्या खात्यांतून रक्कम वजा झाली एवढ्यानें ती योग्य माणसाच्या पदरीं पडली असें सिद्ध होत नाहीं. मधल्या वाटेवर तिला कशावरून ओळखतात, आणि कोणती गोष्ट पाहिलीच जात नाहीं, हें प्रत्येक कुटुंबांतील निदान दोन माणसांना तरी नीट ठाऊक असावें, म्हणून ह्या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

आमच्या मीरा-भाईंदरांत तर ह्या विषयाची गरज अधिकच आहे. साष्टी बेटाच्या उत्तर टोंकाला, वसईच्या खाडीच्या अलीकडे वसलेलें हें ठिकाण. मिठागरें, भातखाचरें आणि उत्तनकडील कोळीवाडे हेंच एके काळीं त्याचें वैभव. पुढें १९८५ सालीं येथें नगरपालिका आणि २००२ सालीं महानगरपालिका झाली. मुंबईच्या चाळींत जागा पुरेना म्हणून निघालेलीं कुटुंबें येथें येऊन स्थिरावलीं. त्यामुळें येथल्या बहुतेक घरांचें मूळ दुसरीकडे आहे. कोणाचें घर रत्नागिरीकडे, कोणाची शेती देशावर, कोणाचा मुलगा बंगळुरास तर कोणाची मुलगी अमेरिकेस. अशा शहरांत प्रत्येक घरांतून महिन्याकांठीं दहा-पांच वेळां पैसा बाहेर जातो आणि बाहेरून आंत येतो. तो कोणत्या वाटेनें जातो हें मात्र फारच थोड्या घरांत ठाऊक असतें.

पूर्वीं ही वाट लांबची होती, परंतु ओळखीची होती. १८८० सालीं टपाल खात्यानें मनिऑर्डर सुरू केली. मुंबईच्या गिरण्यांतून आणि कचेऱ्यांतून कोंकणांत जाणाऱ्या ह्या मनिऑर्डरींवर कित्येक गांवांचें चुलाण चाले. टपालवाला अंगणांत येऊन नांवानें हांक मारी, सही घेई, सही येत नसेल तर अंगठा घेई आणि अंगठ्याला साक्षीदार घेई. खालच्या कुपनावर ख्यालीखुशालीच्या दोन ओळी असत. आठ दिवस लागत, पण नांव विचारल्याशिवाय पैसा कोणाच्या हातीं पडत नसे. जुन्या पद्धतीची ती मनिऑर्डर २०१५ सालीं बंद झाली.

त्याहूनही मागें गेल्यास हुंडी दिसते. काशीयात्रेस निघालेला गृहस्थ रोकड बरोबर न घेतां सावकाराकडून हुंडी लिहून घेई. दर्शनी हुंडी दाखवितांच पटे, मुदती हुंडीला मुदत भरावी लागे. आणि शाहजोग हुंडीचे पैसे तर बाजारांत पत असलेल्या माणसाच्या हातींच दिले जात. हेतु हा कीं, पुढें तंटा निघाला तर पैसे कोणास गेले ह्याचा माग लागावा. आपल्या शास्त्रकारांनींही ही काळजी घेतली होती. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत ऋणाचा लेख कसा करावा हें सांगतांना वर्ष, महिना, पक्ष आणि दिवस ह्यांबरोबर नांव, जाति, गोत्र आणि पित्याचें नांवही घालण्यास सांगितलें आहे. एका नांवाचीं दहा माणसें असूं शकतात हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं नांव मध्यें ठेवून त्याच्याभोंवतीं खुणांचें कुंपण घातलें. आजच्या यंत्रानें नेमकें उलट केलें आहे. त्यानें कुंपण तेवढें ठेवलें आणि मधलें नांव काढून टाकलें. आतां हें कुंपण कसें आहे तें पाहूं.

वाचकांना परिचित असा ह्या जातीचा संकेत म्हणजे पत्रावरील पिनकोड. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाला, आणि त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे सरकारी अधिकारी तर होतेच, शिवाय संस्कृतांतील नामांकित कवि होते. संस्कृत पढलेल्या माणसाला व्यवहार कळत नाहीं असें म्हणणारांना आम्ही हें एकच उदाहरण देत असतों. भाईंदर पश्चिमेचा अंक ४०११०१, पूर्वेचा ४०११०५ आणि मीरारोडचा ४०११०७. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल छाटण्याचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वांटप करणारी कचेरी दाखवितात. मोठ्याकडून लहानाकडे येण्याची ही रीत आपल्याला नवी नाहीं. संकल्प सोडतांना आपण द्वीप, खंड, देश आणि नदीचें तीर असेंच क्रमानें खालीं येत असतों.

बँकेचा संकेत ह्याच रीतीचा आहे. त्याला आय. एफ. एस. सी. म्हणतात, आम्ही त्याला येथें शाखासंकेत म्हणूं. त्यांत अकरा स्थानें असतात. पहिलीं चार स्थानें बँकेचीं आणि तीं इंग्रजी अक्षरें असतात. पांचवें स्थान शून्याचें असून तें पुढील उपयोगासाठीं राखून ठेवलेलें आहे. शेवटचीं सहा शाखेचीं. स्टेट बँकेच्या मुंबई मुख्य शाखेचा संकेत एस, बी, आय, एन, मग ०, आणि मग ०००३०० असा आहे. महाराष्ट्र बँकेचीं चार अक्षरें एम, ए, एच, बी. सारस्वत बँकेचीं एस, आर, सी, बी. एकाच बँकेची एक शाखा भाईंदरच्या पूर्वेला व दुसरी पश्चिमेला असली तर पहिलीं पांच स्थानें सारखींच असतात, फरक शेवटच्या सहांत पडतो. हा संकेत पासबुकाच्या पहिल्या पानावर व चेकवर छापलेला असतो.

ह्यांत लोक वारंवार चुकतात ती जागा पांचवी. तेथें शून्य असतें. पुष्कळजण तेथें इंग्रजी ओ हें अक्षर लिहितात. टपाल खात्याच्या बचत बँकेचा संकेत ह्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. २०२२ पासून साऱ्या देशांतील टपालाच्या बचत खात्यांना मिळून एकच संकेत आहे: आय, पी, ओ, एस, त्यापुढें चार शून्यें, आणि शेवटीं डी, ओ, पी. एकाच ओळींत दोन ओ आणि चार शून्यें! तो लिहून देतांना अक्षराखालीं रेघ मारण्याची संवय ठेवावी. दुसरी गोष्ट अशी कीं, लहान सहकारी बँका पुष्कळदां मोठ्या बँकेच्या आश्रयानें हा व्यवहार करतात, आणि मग त्यांच्या संकेतांत त्या मोठ्या बँकेचीं अक्षरें दिसतात. तेव्हां "आमचें खातें सहकारी बँकेंत, आणि संकेत भलत्याच बँकेचा कसा?" असें वाटून घाबरूं नये, शाखेंत विचारून खात्री करून घ्यावी.

चेकच्या तळाशीं जे चमत्कारिक वळणाचे नऊ अंक असतात ते निराळे. त्यांना एम. आय. सी. आर. म्हणतात. ते लोहचुंबकी गुण असलेल्या शाईनें छापलेले असतात, म्हणजे यंत्राला ते शिक्का किंवा सही वर पडली तरी वाचतां येतात. तीन अंक शहराचे, तीन बँकेचे, तीन शाखेचे. मुंबईचे ४००, पुण्याचे ४११. त्यांचें काम चेक छाटण्याचें आहे. पैसे पाठविण्याच्या फॉर्मवर शाखासंकेत मागितला असतां हे नऊ अंक लिहूं नयेत, एवढें लक्षांत ठेविलें म्हणजे पुरे.

आतां वाहनांचा विचार करूं. पत्ता एक असला तरी पैसा चार वाहनांनीं जातो. पहिलें नेफ्ट. हें नोव्हेंबर २००५ पासून आहे. ह्यांत दर अर्ध्या तासाला आलेले सारे व्यवहार एकत्र करून त्यांचा मेळ घातला जातो. १६ डिसेंबर २०१९ पासून हें रात्रंदिवस, सुटीच्या दिवशींही चालतें. म्हणजे दिवसाला अठ्ठेचाळीस फेऱ्या झाल्या. दुसरें आर. टी. जी. एस.; हें २००४ सालचें. ह्यांत प्रत्येक व्यवहार एकेकटा आणि तत्काळ पुरा होतो, परंतु रक्कम दोन लाखांच्या खालीं चालत नाहीं. १४ डिसेंबर २०२० पासून हेंही अहोरात्र उघडें आहे. आमच्या भाईंदरकरांना समजेल असें सांगावयाचें तर नेफ्ट ही वेळापत्रकानें सुटणारी लोकल, आणि आर. टी. जी. एस. ही एकट्यासाठीं केलेली मोटार.

तिसरें आय. एम. पी. एस.; हें २०१० सालीं आलें. त्यानें पांच लाखांपर्यंतची रक्कम क्षणांत जाते. चौथें यू. पी. आय., जें २०१६ च्या एप्रिलांत सुरू झालें आणि आज भाजीवालीच्या टोपलीपर्यंत पोंचलें आहे. त्यांत खात्याचा क्रमांक व शाखासंकेत लिहावे लागत नाहींत. फोनचा क्रमांक किंवा एक लहानसा पत्ता पुरतो. संकेत तेथें नाहींसे झाले असें मात्र समजूं नये. ते पडद्यामागें गेले, एवढेंच. खर्चाविषयीं म्हणाल तर बचत खात्यावरून घरबसल्या केलेल्या नेफ्टला १ जानेवारी २०२० पासून बँकांनीं कांहीं आकारावयाचें नाहीं असा नियम आहे. शाखेंत जाऊन केल्यास रकमेप्रमाणें अडीच रुपयांपासून पंचवीस रुपयांपर्यंत, आणि वर कर, एवढेंच घेतां येतें. पैसे घेणारास कांहींच पडत नाहीं.

इतकें झाल्यावर मुख्य मुद्द्याकडे येऊं. तीन-चार वर्षांपूर्वींची, आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतली गोष्ट आहे. थोरल्या भावानें गांवच्या घराच्या कौलांसाठीं धाकट्याला चाळीस हजार रुपये नेफ्टनें पाठविले. शाखासंकेत बरोबर होता, भावाचें नांव ठसठशीत लिहिलेलें होतें. खात्याच्या क्रमांकांत मात्र शेजारशेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली. दुर्दैवानें त्या उलटलेल्या क्रमांकाचेंही एक खातें त्याच बँकेंत होतें, आणि रक्कम तेथें जमा झाली. "अहो, नांव तर आम्हीं स्पष्ट लिहिलें होतें!" असें थोरल्यानें म्हणतांच कारकुनानें शांतपणें सांगितलें, "नांव यंत्र वाचत नाहीं." ज्याला पैसे गेले त्याच्या संमतीवांचून बँकेला ते परत ओढतां येईनात. पत्रें गेलीं, आठवणी गेल्या; तो मनुष्य सज्जन निघाला म्हणून सात आठवड्यांनीं पैसे परत आले. परंतु पावसाळ्यापूर्वीं चढावयाचीं कौलें दसऱ्याला चढलीं, आणि ऐंशी वर्षांच्या आईनें ती पावसाळी दोन महिने माजघराच्या कोपऱ्यांत खाट ओढून काढली.

कारकून खोटें बोलला नव्हता. रिझर्व्ह बँकेनें १४ ऑक्टोबर २०१० रोजीं बँकांना जी सूचना दिली, तीप्रमाणें अशा व्यवहारांत रक्कम केवळ खात्याच्या क्रमांकावरून जमा करण्यास मुभा आहे, आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठविणाराची आहे. रोज कोट्यवधि व्यवहार होणार. एकच नांव कोणी गणेश लिहितो, कोणी आद्याक्षरावर भागवितो, कोणी आडनांव आधीं घालतो. यंत्राला तें जुळविणें अवघड. म्हणून नांव बाजूला ठेवलें गेलें. आपण मात्र फॉर्मवर नांव लिहितांना अजून मनिऑर्डरीच्याच विश्वासानें लिहीत असतों. ते पाहिलें जाईल असें आपण धरून चालतों, आणि तेथेंच घात होतो. शाखासंकेत ही इमारत दाखविणारी पाटी आहे, क्रमांक हा दाराचा आंकडा आहे, आंतल्या माणसाला "आपण कोण?" असें विचारणारा टपालवाला मात्र आतां तेथें नाहीं.

आनंदाची गोष्ट अशी कीं, हा टपालवाला नुकताच अंशतः परत आला आहे. रिझर्व्ह बँकेनें ३० डिसेंबर २०२४ रोजीं काढलेल्या आज्ञेनें नेफ्ट व आर. टी. जी. एस. मध्यें पैसे घेणाराचें नांव आधीं पाहण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करण्यास बँकांना सांगण्यांत आलें. खात्याचा क्रमांक व शाखासंकेत घातल्यावर त्या खात्यावर बँकेच्या दप्तरीं जें नांव असेल तें पाठविणाराला दिसतें, आणि तें पाहून मग पैसे सोडावयाचे. ह्याला कांहीं मूल्य पडत नाहीं. फोनवरून व्यवहार करणारालाच नव्हे, तर शाखेंत जाणारालाही ही सोय मागतां येते. यू. पी. आय. मध्येंही पैसे सोडण्यापूर्वीं दिसणारें नांव बँकेच्या दप्तरांतलेंच असलें पाहिजे, स्वतः घेतलेलें टोपण नांव चालणार नाहीं, असा नियम २०२५ च्या जूनअखेरीपासून झाला आहे. परंतु सोय झाली म्हणजे ती वापरली गेली असें नव्हे. घाईघाईनें पुढचें बटण दाबणाराला नांव दिसूनही दिसत नाहीं. वाचकभगिनींनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. कित्येक सुनांचें खातें अजून माहेरच्या नांवानें असतें. अशा वेळीं दिसणारें नांव परकें वाटलें तर थांबावें, तिलाच विचारावें, मग पुढें जावें.

माहेरच्या नांवावरून आठवलें. बँकांचींही लग्नें झालीं आहेत. १ एप्रिल २०१९ रोजीं विजया व देना ह्या बँका बडोदा बँकेंत मिळाल्या. १ एप्रिल २०२० रोजीं सिंडिकेट बँक कॅनरा बँकेंत, आंध्र व कॉर्पोरेशन बँका युनियन बँकेंत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेंत, आणि ओरिएंटल व युनायटेड ह्या पंजाब नॅशनल बँकेंत गेल्या. सासरीं आलेल्या मुलीप्रमाणें ह्यांच्या शाखांचीं नांवें बदललीं आणि शाखासंकेतही बदलले. विजया व देना बँकांचे जुने संकेत १ मार्च २०२१ पासून चालेनासे झाले. घरांतील जुन्या वहींत, जुन्या चेकवर किंवा पेन्शनच्या कागदावर ते अजून असतील. ते वहींतून खोडून नवे लिहावेत. जुन्या पानावर विसंबून कोणाला संकेत कळवूं नये.

ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांना आणखी एका संकेताशीं गांठ पडते. त्याला स्विफ्टचा संकेत म्हणतात. ही संस्था १९७३ सालीं बेल्जममध्यें स्थापन झाली. ती पैसे नेत नाहीं. बँकांचे एकमेकींना जाणारे निरोप तेवढे नेते. तिच्या संकेतांत आठ किंवा अकरा स्थानें: चार बँकेचीं, दोन देशाचीं, दोन ठिकाणाचीं, आणि असल्यास तीन शाखेचीं. स्टेट बँकेचा संकेत एस, बी, आय, एन, मग हिंदुस्थानचे आय, एन, आणि शेवटीं बी, बी. मुंबईंतील पुष्कळ बँकांच्या संकेतांत शेवटीं हेच दोन बी आढळतात. अमेरिकेंत बँकेला नऊ अंकी क्रमांक असतो, इंग्लंडांत सहा अंकी, आणि युरोपांत खात्याचाच एक लांब क्रमांक असतो, त्याला आयबान म्हणतात. हिंदुस्थानांतल्या खात्यांना आयबान नाहीं. तिकडच्या फॉर्मवर तो रकाना दिसला तर मुलानें घाबरून कांहींतरी भरूं नये, स्विफ्टचा संकेत व खात्याचा क्रमांक द्यावा.

ह्या निरोपांच्या जगांतली एक हकीगत आमच्या मुद्द्याला फार जुळते. २०१६ च्या फेब्रुवारींत चोरट्यांनीं बांगला देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या नांवानें स्विफ्टवरून खोटे निरोप सोडले. आठ कोटी दहा लक्ष डॉलर फिलिपाइन्समध्यें गेले. श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी डॉलर मात्र वांचले. कारण घेणाऱ्या संस्थेच्या नांवांतील फाउंडेशन ह्या शब्दाचें स्पेलिंग चुकलेलें होतें आणि तें कोणाच्या तरी डोळ्यांना खटकलें. यंत्रानें सारे संकेत बरोबर म्हणून मान डोलावली. माणसानें नांव वाचलें म्हणून चोरी थांबली. इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. २०१८ च्या ऑगस्टांत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर असाच हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यांतले बहुतेक निरनिराळ्या देशांतील एटीएम यंत्रांतून, आणि तेरा कोटींहून अधिक स्विफ्टच्या निरोपानें हाँगकाँगला गेले. एवढ्या मोठ्या पेढ्यांना जें भोगावें लागलें, त्यावरून आपल्या घरच्या तिजोरीची राखण कोणी करावयाची हें समजून घ्यावें.

आतां घरांत काय करावें तें थोडक्यांत सांगतों. खात्याच्या क्रमांकाची लांबी प्रत्येक बँकेची निराळी असते. स्टेट बँकेची अकरा अंकांची, एच. डी. एफ. सी. बँकेची चौदा, बँक ऑफ इंडियाची पंधरा. लिहिल्यावर आधीं अंक मोजावेत. मग दोघांनीं मिळून वाचावेत. एकानें मूळ कागदावरून, दुसऱ्यानें लिहिलेल्यावरून. ह्या कामीं वैदिकांचा क्रमपाठ फार उपयोगी पडतो. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा अशा जोड्यांनीं वाचलें असतां अंकांची अदलाबदल लपूं शकत नाहीं. ज्या युक्तीनें हजारों वर्षें मंत्रांतलें अक्षर ढळलें नाहीं, तिनें सोळा अंक ढळणार नाहींत. नवीन माणसाला मोठी रक्कम पाठवावयाची असेल तर आधीं एक रुपया पाठवावा, "मिळाला" असें त्याच्याच आवाजांत ऐकावें, मग उरलेली सोडावी.

पैसे सोडल्यावर बँकेकडून एक नोंद-क्रमांक मिळतो, तो यू. टी. आर. होय, आणि नेफ्टचा असेल तर सोळा स्थानांचा असतो. तो वहींत लिहून ठेवावा. घेणाराच्या खात्यांत रक्कम जमा करतां आली नाहीं तर त्या फेरीनंतर दोन तासांच्या आंत ती परत यावयास हवी, आणि बँकेनें उशीर केला तर व्याज मागण्याचा आपला हक्क आहे. चुकून दुसऱ्याला गेली तर त्याच दिवशीं शाखेंत लेखी कळवून पोंच घ्यावी. चुकून आलेले पैसे परत करणें हें केवळ सौजन्य नव्हे. १८७२ च्या करार कायद्याच्या ७२ व्या कलमानें तें त्या माणसावर बंधनकारक आहे. आपल्याच खात्यांत असा परका पैसा येऊन पडला तर तो देवानें दिला असें समजून खर्च करूं नये, आणि "चुकून आले, लगेच ह्या क्रमांकावर परत पाठवा" असा फोन आला तर घाईनें पाठवूंही नये. कारण ठकांची ती एक ठरलेली युक्ति आहे. बँकेला कळवावें आणि बँकेच्याच हातून परत करवावें. बँकेनें तीस दिवसांत दाद दिली नाहीं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें. फसवणूक झाल्याचें कळतांच १९३० ह्या क्रमांकावर फोन करावा. तेथें मिनिटांना मोल आहे. आणि पैसे घेण्यासाठीं गुप्त पिन कधींच घालावा लागत नाहीं, हें घरांतल्या लहानथोरांना पाठ करून द्यावें.

शेवटची सूचना कुटुंबप्रमुखांना आहे, आणि ती आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुष्कळ घरांत हा सारा व्यवहार एकटा पुरुष पाहतो. तो आजारी पडून इस्पितळांत निजला कीं त्याच्या पत्नीला खातें कोणत्या शाखेंत आहे हेंही सांगतां येत नाहीं. मग ती शेजारच्या मुलाच्या हातीं फोन देते, आणि तो मुलगा प्रामाणिक असेल तर तिचें नशीब. म्हणून एक लहान वही करावी. तींत घरांतील प्रत्येकाचें खातें, शाखा, शाखासंकेत, खात्यावरील नांव जसेंच्या तसें, आणि ज्यांना आपण नेहमीं पैसे पाठवितों त्यांचीं नांवें व क्रमांक लिहावे. पिन आणि परवलीचे शब्द तींत मुळींच लिहूं नयेत. वही देवघरांत ठेवा कीं कपाटांत ठेवा, पण ती कोठें आहे हें सुनेला, सासूला आणि कर्त्या मुलाला ठाऊक असूं द्या. आणि वर्षांतून एकदां, पाडव्याला जशी चोपडी पुजतात तशी, ती उघडून प्रत्येक ओळ ताडून पाहा. पुढील महिन्यांत खात्यावर वारस कसा नेमावा ह्याविषयीं लिहूं. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नांवें लावण्याची सवलत झाली असल्यानें त्या वहींत एक कोरें पान त्यासाठींही राखून ठेवावें.